भाद्रपदातलं दूध आणि तिखाडीचं तेल

भाद्रपद लागला की आमच्या घरच्या दुधाला वास यायचा. घाण नव्हे, पण दुधाला येऊ नये असा. चहा केला तर चहाला, दही लावलं तर दह्याला, लोणी काढलं तर लोण्यालाही तोच. माय एवढंच म्हणायची, "गाय तिखाडी चरून आली." विषय संपला. पोळा झाला की गुराखी गुरं डोंगराच्या उतारावर न्यायचा आणि तोवर तिथं तिखाडी माणसाच्या छातीला लागेल एवढी वाढलेली असायची. गुरं ती अधाशासारखी खायची. आम्ही पोरं नाक मुरडत चहा प्यायचो.

आमचं गाव तळोद्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. आता मी नाशिकला असतो. एकतीस वर्षं धुळ्याला ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, चार वर्षांपूर्वी निवृत्त झालो. निवृत्त माणसं सकाळी फिरायला जातात, हास्यक्लबात हसतात. मी अत्तरं करायला लागलो. करायला म्हणजे, खरं सांगायचं तर, बिघडवायला. स्वयंपाकघराच्या माळ्यावर एक ट्रंक होती, तिच्यात आता बाटल्या आहेत. बायको त्या ट्रंकेला 'प्रयोगशाळा' म्हणते, ती कौतुकानं नव्हे.

ही नोंद त्या तिखाडीबद्दल आहे. काही ठिकाणी तिला रोशा गवत म्हणतात, संस्कृतात रोहिष, बाहेरच्या बाजारात पामारोझा. गवती चहाची ती चुलत बहीण, एकाच कुळातली. पान चुरगळलं तर आधी गुलाब, मग ओलं गवत, मग लिंबाच्या सालीसारखं काहीतरी, आणि शेवटी जिभेवर ठेवलं तर तिखट. म्हणून तिखाडी. नाव ठेवणाऱ्यानं नाकापेक्षा जिभेवर जास्त भरवसा ठेवलेला दिसतो.

गुलाबाचा वास आहे हे सगळ्यांना माहीत आहे. माझं भांडण तिथंच आहे. गेली दीडशे-दोनशे वर्षं जो तो या गवतातून गवत काढून टाकायच्या मागे लागलाय, म्हणजे गुलाब तेवढा हाती राहावा. मला उलटं हवं आहे. मला गुलाब थोडा बाजूला सारून ते गवत बाटलीत हवं आहे.

आधी 'हिरवा वास' म्हणजे काय ते सांगतो, कारण आपल्याकडे त्यात एक गंमत आहे. सुगंधाच्या धंद्यात 'ग्रीन नोट' म्हणतात ती कापलेल्या पानाची, मोडलेल्या देठाची, ओल्या गवताची छटा. फ्रान्समध्ये १९४७ साली बाल्मँ या फॅशन-घराण्यासाठी जर्मेन सेलिये या बाईंनी 'व्हाँ व्हेर' नावाचं अत्तर बांधलं, त्यात गाल्बेनम म्हणजे इराणकडचा एक कडवट हिरवा डिंक सढळ हातानं घातला. तेव्हापासून हिरवा वास म्हटलं की तिकडच्या लोकांना गाल्बेनम आठवतो. आपल्याला काय आठवतं? खस. सरबत हिरवं, अत्तराची बाटली हिरवी, कूलरच्या ताट्यासुद्धा आपण मनात हिरव्या करून ठेवल्यात. प्रत्यक्षात खस म्हणजे वाळ्याची मुळी. रंगानं मातकट, वासानं मातीच. कनौजच्या रूह-खसला, म्हणजे खसाच्या शुद्ध तेलाला, हिरवट झाक असते ती तांब्याच्या देगेमुळे, भट्टीच्या भांड्यामुळे. म्हणजे आपण मुळाला हिरवं म्हणतो आणि ज्या गवताला खरोखर पानाचा वास आहे त्याला गुलाब म्हणतो. चालायचंच.

आमच्या घरात तिखाडीचं तेल होतं ते वासासाठी नव्हे. आजीच्या गुडघ्यांसाठी. औषधाच्या जुन्या बाटलीत, बुचाच्या जागी कापसाचा बोळा. रात्री जेवणं झाली की आक्का, माझी मोठी बहीण, ते तेल तिळाच्या तेलात कालवून आजीचे गुडघे चोळायची आणि मग तिच्या हाताला सकाळपर्यंत वास. धडगावकडून एक पावरा आदिवासी माणूस आठवडे बाजारात ते घेऊन यायचा. मोजून पैसे, मोजून थेंब. आजीच्या खोलीत शिरलं की गुलाब आणि गवत आणि म्हातारपण असा एकत्र वास यायचा, त्यातलं काय कुठून येतंय हे तेव्हा कळत नव्हतं.

आता मधली वर्षं सोडतो.

निवृत्तीच्या वर्षी मुलीनं जर्मनीहून एक बाटली आणली. मी सवयीनं खोक्याच्या मागची बारीक अक्षरं वाचली. अल्कोहोल, पाणी, लिनालूल, सिट्रोनेलॉल, जेरॅनिओल. युरोपात नियम आहे की ज्या सुगंधी द्रव्यांची काहींना ॲलर्जी होते ती ठरावीक प्रमाणाच्या वर असली तर नावानिशी छापायची. जेरॅनिओल त्या यादीत आहे. हे नाव मी वर्गात किती वेळा फळ्यावर लिहिलं असेल! जेरॅनिओल आणि नेरॉल, एकच रेणुसूत्र, सी-१० एच-१८ ओ, फक्त दुहेरी बंधाच्या एका बाजूचे गट इकडचे तिकडे. भौमितिक समघटकतेचं माझं आवडतं उदाहरण. मुलं लिहून घ्यायची, मीही पुढं जायचो. हे नाव कुठून आलं हे एकाही पोरानं विचारलं नाही आणि मलाही विचारावंसं वाटलं नाही.

मग रिकामपणी शोधलं. १८७१ साली ऑस्कर याकोबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं हे द्रव्य पहिल्यांदा शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. कशातून? गुलाबातून नव्हे, जिरॅनियमच्या झाडातूनही नव्हे. 'भारतीय जिरॅनियम' या नावानं युरोपात विकल्या जाणाऱ्या गवताच्या तेलातून. त्या तेलाला कुणी 'तुर्की जिरॅनियम तेल'ही म्हणत. ते ना तुर्की होतं, ना जिरॅनियम. ते रोशाचं तेल होतं, आणि रोशाच्या तेलाचं त्या काळातलं मोठं ठिकाण म्हणजे खानदेश आणि शेजारचं निमाड. म्हणजे एकतीस वर्षं मी आजीच्या गुडघ्याच्या तेलाचं सूत्र फळ्यावर लिहीत होतो, आणि ते एका परक्या झाडाच्या, तेही चुकीच्या झाडाच्या नावानं. त्या दिवशी दुपारी मी जेवलो नाही, असं बायको सांगते. जेवलो असेन, लक्षात नाही.

तुर्की कसं झालं तेही ऐका. तेल मुंबईहून जहाजानं तांबड्या समुद्रातल्या बंदरांना जायचं, तिथून अरबांच्या हातून कॉन्स्टँटिनोपलला. तिथं त्याचं नाव 'इद्रिस यागी'. तिथले व्यापारी ते लिंबाचा रस घातलेल्या पाण्यात घुसळायचे, उथळ भांड्यात उन्हात ठेवायचे. त्यानं रंग फिका व्हायचा आणि मागून येणारा झोंबरा गवती वास उतरायचा. मग ते बाल्कनमधल्या गुलाबाच्या मुलखात जायचं, उस्मानी राजवटीतल्या कझानलुककडे. तिथं ते गुलाबाच्या पाकळ्यांवर शिंपडून पाकळ्यांसकट भट्टीत घालत, नाहीतर सरळ तयार गुलाबतेलात मिसळत. भेसळच ती. पण विचार करा, पॅरिसमधली एखादी बाई १८८० साली रुमालाला गुलाब लावत असेल तर त्यात तळोद्याचा डोंगर असण्याची शक्यता बऱ्यापैकी होती. फक्त त्यातला 'झोंबरा गवती' भाग कुणीतरी उन्हात वाळवून टाकलेला. हा माझ्या तक्रारीचा पहिला पुरावा.

खानदेशातल्या भट्ट्यांचं ब्रिटिशकालीन वर्णन वाचायला मिळालं, ते वाचून मी दोन दिवस त्याच नादात होतो. आधी हा धंदा पिंपळनेरला होता. तिथलं गवत कमी झालं तसा नंदुरबार, शहादा, तळोद्याकडे सरकला. सगळ्यात जास्त गवत अक्राणीत, म्हणजे धडगावकडच्या डोंगरात. पावसाळा सरत आला, गवत पिकायला लागलं की मुसलमान कारागीर भिल्लांकडून ते विकत घ्यायचे आणि ओढ्याच्या काठी, जिथं लाकूड आणि पाणी दोन्ही हाताशी, तिथं चर खणून चुली मांडायचे. वर लोखंडी नाहीतर तांब्याची मोठी कढई. थोडं पाणी, वर काठोकाठ तोडलेलं गवत, परत थोडं पाणी. झाकण बसवून कडेनं कणकेनं लिंपायचं. झाकणाच्या भोकातून बांबूची नळी, तिला चिंधी गुंडाळून वरून उडदाच्या पिठाचा लेप आणि दोरी. नळीचं दुसरं टोक वाहत्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडवलेल्या दुसऱ्या भांड्यात. ते भरलं की थरथरायला लागायचं, ती खूण. मग ते तिसऱ्या भांड्यात ओतून ढवळायचं आणि वर आलेलं तेल हळूहळू काढून घ्यायचं. उरलेलं पाणी परत पुढच्या घाण्यात.

उडदाचं पीठ! मी एवढी वर्षं काचेच्या जोडांना व्हॅसलीन लावत होतो.

१८७९-८० साली अशा १९७ भट्ट्या होत्या आणि त्यांतून ७१ हंड्रेडवेट, म्हणजे साडेतीन टनांच्या थोडं वर तेल निघालं. एकट्या अक्राणीत शंभराहून जास्त भट्ट्या चालायच्या, पण सातपुड्यातून तेल खाली आणणं अवघड, म्हणून तिथलं बरंचसं तिथंच खपायचं. खाली उतरायचं ते सुरत आणि मुंबईला जायचं. आजीच्या बाटलीतलं तेल आणणारा तो पावरा माणूस या शंभर भट्ट्यांच्या कुठल्यातरी शेवटच्या धाग्याला धरून आला असणार. हा माझा अंदाज, पुरावा नाही.

त्याच नोंदीत आणखी एक गोष्ट आहे. कोवळं, निळसर-पांढऱ्या तुऱ्याचं गवत ते 'मोतिया', आणि पिकून तांबूस झालेलं ते 'सोफिया', असं भट्टीवाले म्हणत. मोतियाचा वास नाजूक, सोफियाला भाव कमी, म्हणून दोन्ही मिसळायचे. नंतर अभ्यासकांनी सांगितलं की ही एकाच गवताची दोन वयं नव्हेत, दोन वेगळ्या जाती आहेत, दिसायला सारख्या, वासाला वेगळ्या. मोतियात जेरॅनिओल ठासून भरलेला. सोफियाचं तेल सुंठेसारखं, कॅरवेच्या, म्हणजे विलायती शहाजिऱ्याच्या अंगानं जाणारं. माझा स्वतःचा ओढा मोतियाकडेच आहे, पण आमच्या दुधाला यायचा तो वास सोफियाचा होता की काय अशी शंका आहे. दुधात गुलाब असता तर आम्ही नाक मुरडलं नसतं.

दुधाचं म्हणाल तर मी एकटाच नव्हतो. या गवताचं शास्त्रीय नाव सिम्बोपोगॉन मार्टिनी. हे मार्टिन म्हणजे लखनौचे जनरल क्लॉद मार्टिन, ला मार्टिनिएर शाळा ज्यांच्या नावानं आहेत ते. टिपूशी झालेल्या लढाईच्या वेळी फौजेबरोबर बालाघाटात, म्हणजे घाटमाथ्यावरच्या मुलखात असताना त्यांनी या गवताचं बी गोळा केलं, लखनौला लावलं आणि वनस्पतीशास्त्रज्ञ रॉक्सबर्गला पाठवलं. सोबत निरीक्षण लिहिलं: गुरं हे गवत अतिशय आवडीनं खातात, एवढा उग्र वास असूनही, आणि मग त्यांच्या मांसाला, दुधाला, लोण्याला त्याचा वास लागतो. लढाईच्या धामधुमीत या गृहस्थानं लोण्याचा वास घेतला! हे वाचल्यावर मला जनरलसाहेब एकदम घरचे वाटायला लागले.

आता प्रयोगाकडे.

पहिलं तेल मी बाजारातून आणलं. कुठून ते सांगत नाही. बाटलीवर 'शंभर टक्के शुद्ध' असं सोनेरी अक्षरात होतं, तेव्हाच कळायला हवं होतं. वास ठीक, जरा सपाट. जुन्या सहकाऱ्याच्या कृपेनं कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेलो आणि साधी परीक्षा केली. परीक्षानळीत एक भाग तेल, तीन भाग सत्तर टक्क्यांचं अल्कोहोल, हलवा. चांगलं तिखाडीचं तेल यात स्वच्छ विरघळतं, कारण त्यातला बहुतेक भाग स्वतःच अल्कोहोल जातीचा आहे. रॉकेल, टर्पेंटाइन, खोबरेल असलं काही घातलेलं असेल तर दूध होतं. माझ्या नळीत ताकच झालं. जे कझानलुकच्या गुलाबाचं झालं तेच तिखाडीचं; तिच्यातही लोक भेसळ करतात हे पाहून मला काय वाटायला हवं ते ठरेना.

मग पुतण्याला घेऊन नोव्हेंबरात शहाद्याच्या बाजूला गेलो. तिथं ओळखीतल्या एका शेतकऱ्यानं पाऊण एकर तिखाडी लावलीय. लखनौच्या सीमॅप या औषधी-सुगंधी वनस्पतींच्या सरकारी संशोधन संस्थेनं काढलेली सुधारित जात. एकदा लावली की चार-पाच वर्षं चालते, पाणी असेल तर वर्षाला तीन कापण्या. तुरे फुलले की कापायची, कारण तेल तुऱ्यात आणि पानात; दांड्यात जवळजवळ काहीच नाही. दांडा भट्टीत नुसता जागा अडवतो. भट्टी स्टीलची, बॉयलर लाकडावर, आणि कंडेन्सर बोअरवेलच्या पाण्यात. उडदाचं पीठ नाही, रबराची गॅस्केट. मला वाईट वाटलं, त्याला नाही.

तीन क्विंटल ओलं गवत दाबून भरलं. वाफ सोडल्यावर पहिला वास आला तो पालेभाजी शिजतानाचा. मग एकदम, कुणी दार उघडावं तसा, डोंगराचा उतार. मी खुर्ची घेऊन कंडेन्सरपाशी बसलो. पाण्यावर फिकट पिवळं तेल चढायला लागलं. तीनेक तासांनी मोजलं तर दीड किलोच्या थोडं वर. मधमाश्या घिरट्या घालत होत्या. मधमाशी आपल्या सोबतिणींना 'इकडे या' म्हणून जो गंध सोडते त्यात जेरॅनिओल असतो; त्या बिचाऱ्यांना वाटलं असेल, एवढ्या मोठ्यानं कोण हाक मारतंय?

मी त्या शेतकऱ्याला एक विनंती केली. पुढच्या घाण्यात पहिल्या पंधरा मिनिटांचं तेल वेगळं काढून द्या. तो म्हणाला, "सर, व्यापारी त्यावरच तर कुरकुर करतो. म्हणतो, याला पाल्याचा वास आहे." मी म्हटलं, तोच पाहिजे. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की पुतण्यानंच मध्ये पडून सांगितलं, काका रिटायर झालेत.

कारण असं आहे. तेलात जेरॅनिओल पंचाहत्तर ते पंच्याऐंशी टक्के. बाटलीतला शुद्ध जेरॅनिओल हुंगला तर गोड गुलाब, पण निर्जीव, साबणाच्या वडीसारखा. उरलेल्यात जेरॅनिल ॲसिटेट, लिनालूल, ओसिमीन अशी मंडळी. हिरवेपणा या उरलेल्यांत आहे. आणि त्यातली हलकी द्रव्यं वाफेबरोबर आधी निघतात. पहिली धार म्हणजे गवत, नंतरची धार म्हणजे गुलाब. भट्टीवाला सगळं एकत्र करतो, व्यापारी गवत नको म्हणतो, तुर्कानं ते उन्हात वाळवलं, आणि रसायनवाल्यानं तर तेल परत ऊर्ध्वपातित करून एकटा जेरॅनिओल काढून घेतला.

प्रयोगवहीत क्रमांक घातले, तिखा-१ पासून. वास हुंगायच्या पट्ट्या गाळणकागदाच्या, वजनकाटा ऑनलाइन मागवलेला, शतांश ग्रॅम दाखवणारा. पातळ करायला डीपीजी हा बिनवासाचा द्रव, कारण अल्कोहोल घरी आणायचं म्हणजे दहा ठिकाणी सह्या.

तिखा-१: नुसतं तेल, दहा टक्के. बायको म्हणाली, "गुलाबाचा साबण." बरोबर.

तिखा-४: हिरवेपणा वाढवावा म्हणून गवती चहाचं तेल. "भांड्यांचा साबण." हेही बरोबर. गवती चहात सिट्रल, म्हणजे लिंबाच्या वासाचा घटक, एवढा जबरदस्त की दोन थेंब जास्त पडले तरी मोरीत उभं राहिल्यासारखं वाटतं. आपल्या नाकानं लिंबाचा आणि भांडी घासण्याचा संबंध पक्का जोडून ठेवलाय, त्याला इलाज नाही.

तिखा-७ मध्ये मी 'लीफ अल्कोहोल' आणलं. शास्त्रीय नाव सिस-थ्री-हेक्झेनॉल. पान कापलं की पान स्वतःच्याच चरबीचे तुकडे करून काही सेकंदांत जे वास तयार करतं, त्यातला हा एक. गवत कापल्यावर लॉनवर येतो तो. सुईच्या टोकाएवढं पुरतं. मी सुईच्या टोकापेक्षा जास्त घातलं. "काकडी सोलली का?" स्वयंपाकघरातून आवाज. नव्हती सोलली.

तिखा-११ चांगला होता. पहिली धार मुख्य, नागरमोथ्याचा एक थेंब मातीसाठी, खसाचं नाममात्र, तुळशीचं अगदी हलकं, आणि लीफ अल्कोहोल हजारात एक. पट्टी हुंगली आणि मी उठून गॅलरीत गेलो. पाऊस थांबल्यावरचा उतार, गुराखी, चिखलातली खुरं, सगळं होतं. तासाभरानं परत पट्टी हुंगली तर गुलाब. नुसता गुलाब, आजीच्या खोलीतला, तोही नीट आंघोळ घातलेला.

यात नवल काही नाही. लीफ अल्कोहोलचा उत्कलनबिंदू १५६-१५७ अंश, जेरॅनिओलचा २३० च्या आसपास. हिरवं आधी उडतं, गुलाब मागे बसून राहतो. हे मी दुसऱ्या कुणालाही अर्ध्या मिनिटात समजावलं असतं. स्वतःला समजायला अकरा बाटल्या लागल्या. हिरवेपणा टिकवायला लोक मॉस, गाल्बेनम, निरनिराळी कृत्रिम द्रव्यं घालतात. गाल्बेनम मी मागवला, छोटी बाटली, किंमत सांगत नाही कारण ही नोंद घरातही वाचली जाते. वास उत्तम. कच्च्या मटाराची शेंग मोडल्यासारखा. पण तो घातला की बाटली सातपुड्यातून उठून थेट इराणात जाऊन बसते. काढून टाकला.

शेवटी तिखा-१६ वर थांबलो. त्यात गुलाबाशी भांडण सोडलंय. पहिली धार साठ भाग, पुढची धार फक्त दहा, नागरमोथा दुप्पट. पंधरा दिवस ट्रंकेत मुरवलं, कारण ताज्या तेलाला भट्टीचा एक करपट वास असतो, तो बसावा लागतो. आता तासाभरानंतर गुलाब येतो, पण चिखल लागलेल्या पायांनी येतो. मला चाललं. बायको म्हणाली, "हे आवडलं," आणि मग पदराला पुसून पाहिलं आणि म्हणाली, "डाग पडत नाही ना?"

डाग पडत नाही.

दिवाळीला आक्काकडे गेलो, तेव्हा दहा मिलीची बाटली नेली. आक्का आता पंच्याहत्तरची, तळोद्यालाच असते. बाटली हातात घेऊन तिनं बूच काढलं, हुंगलं, म्हणाली, "हाई काय शे?" मी सांगणार होतो. सगळंच सांगणार होतो, याकोबसेन, इद्रिस यागी, जनरलसाहेबांचं लोणी. पण तिनं डोळे मिटून दुसऱ्यांदा हुंगलं आणि काहीच बोलली नाही, म्हणून मीही गप्प बसलो. मला वाटलं, चला, पोचलं.

चार दिवसांनी तिचा फोन आला. "अरे, ते तेल पातळ आहे रे. तिळाच्या तेलात कालवलं तरी गुडघ्यात मुरतच नाही. पण वास बरोबर आहे. अजून मोठी बाटली पाठव."